रविवारच्या यादीतलं एक नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि खाडीवीर फुटबॉल क्लबचे मालक माननीय कमलाकरशेठ, व्यासपीठावर विराजमान नवे सीईओ साहेब, कालच पनवेलला आलेले नवे मुख्य प्रशिक्षक श्री. लोबो, संचालक मंडळातील सन्माननीय सदस्य, माझे खेळाडू, त्यांच्या घरची मंडळी आणि इतकं हरूनही आमची पाठ न सोडणारे पनवेलकर फुटबॉलप्रेमी, सर्वांना आरोन रोहेकरचा नमस्कार.

सीईओ साहेबांचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, त्याचा राग मानू नये. मागच्या फ्लेक्सवर त्यांच्या नावाची कागदी पट्टी चिकटवली आहे आणि तिच्याखालून आधीच्या साहेबांचं आडनाव डोकावतंय. अशा वेळी पदाला नमस्कार केलेला बरा. तीन वर्षांत पाच सीईओ झाले. पद तेवढं टिकून आहे, ही काय थोडी गोष्ट आहे?

लोबोसर, तुम्ही आमचे सातवे मुख्य प्रशिक्षक. आपलं मनापासून स्वागत. आज एकाच हॉलमध्ये, एकाच चहात तुमचं स्वागत आणि माझा निरोप उरकायचा असं ठरलंय. ते सोयीचंच आहे. माझ्या निरोपाची बातमी मलाही तशी सोयीनेच कळली. परवा सकाळी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण आलं, ‘सहायक प्रशिक्षक आरोन सरांना निरोप’. मी वाचलं आणि कुणाला तरी विचारलं, का हो, मी चाललोय का? पत्र दुपारी आलं. त्यात लिहिलं होतं, पुनर्रचना.

मी इथे आठ वर्षं गोलकीपर घडवले. त्यातल्या तीन वर्षांत तीनदा हंगामी मुख्य प्रशिक्षक झालो. प्रशिक्षक गेला की शेठ मला बोलावून म्हणायचे, “आरोन, चार दिवस सांभाळून घे रे.” मी सांभाळायचो. मग विमानतळावरून कोणीतरी यायचं आणि मी पुन्हा गोलपोस्टमागे उभा राहायचो. प्रत्येकाची खेळायची पद्धत वेगळी, आणि जेवायची त्याहून वेगळी. एकाने अंड्यातलं पिवळं बंद केलं, दुसऱ्याने भात बंद केला, तिसऱ्याने येऊन विचारलं की ही पोरं इतकी अशक्त का? आमच्या स्वयंपाकघरातल्या गोदूमावशी दारात उभ्या आहेत, त्यांना विचारा. काल त्या मला म्हणाल्या, “सर, नवीन सायबाला म्हावरा चालतो का नाय तेवढा इचारून ठेवा, मी मसाला वाटलाय.” संपूर्ण क्लबात नव्या माणसाच्या मासळीपर्यंत आगाऊ तयारी केलेली ही एकच व्यक्ती. त्यांच्यासाठी टाळ्या व्हायला हरकत नाही.

माझी बहीण शुलामिथ वीस वर्षांपूर्वी इस्राएलला गेली. दर शुक्रवारी फोनवर विचारते, “आरोन, अजून तिथे काय करतोस?” मी सांगायचो, टीम बांधतोय. शेठ, खरं सांगू का? टीम बांधायला माणसं एका जागी राहावी लागतात. आपण इथे नुसती ये-जा बांधली.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. मी तसंच ठरवून आलो होतो. पण दुपारी मैदानावर रविवारच्या सामन्याची यादी लागली. त्यात पहिलं नाव आहे, कर्णधार प्रणित नाखवा.

प्रणित, तू तिसऱ्या रांगेत बसलायस. मान हलवू नकोस. मी बोलणार आहे.

लोबोसर, प्रणित आमचा मधला बचावपटू. उरणच्या मासेमारी करणाऱ्या घरातला. हवेतला प्रत्येक चेंडू त्याच्या डोक्यावर पडतो आणि परत जातो, म्हणून आम्ही निदान दोन-शून्यने हरतो, सहा-शून्यने नाही. चोवीस दिवसांपूर्वी त्याचं डोकं समोरच्या फॉरवर्डच्या डोक्यावर आदळलं. त्या महिन्यातली ती दुसरी धडक. डॉक्टरांनी लेखी दिलं, मेंदूला मार आहे, सहा आठवडे खेळायचं नाही, चेंडू डोक्यावर घ्यायचा नाही, पुन्हा तपासणी झाल्याशिवाय मैदानात उतरवायचं नाही. तो कागद आमच्या टीम मॅनेजरकडे गेला. गेल्या आठवड्यात सोमवारी प्रशिक्षकांना काढलं, त्यांच्याबरोबर त्यांनी आणलेला फिजिओ गेला. बुधवारी मॅनेजर गेला. शनिवारी सीईओ. आता सांगा, कागद कुठे असेल? कोणी लपवला नाही हो. ज्यांना माहीत होतं ती सगळी माणसं सहा दिवसांत गेली, एवढंच.

सगळी नाही. एक उरला होता. मी.

अकरा दिवस टीम माझ्या हातात होती. त्यात एकच सामना. शेठ आदल्या दिवशी म्हणाले होते, “हा जिंकलास ना आरोन, तर या वेळी तुझंच बघतो.” एकोणसाठ वर्षांचा माणूस मी, पण ते ऐकून रात्रभर कूस बदलत होतो. सामन्यात आपण एक गोलने पुढे होतो, वीस मिनिटं उरली होती, आणि समोरचे उंच चेंडू टाकायला लागले. प्रणित बाकावर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “सर, मी बरा हाय. काय नाय झालंय मना.” मला तेच ऐकायचं होतं. मी त्याला उतरवलं. चार चेंडू त्याने डोक्याने परतवले. मी मोजले.

आपण जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, शेठनी पाठ थोपटली. आत कपडे बदलायच्या खोलीत प्रणित बूट सोडत बसला होता. त्याने मला हळूच विचारलं, “सर, किती झाले?” मला वाटलं मस्करी करतोय. मी म्हटलं, “अरे, एक-शून्य.” त्याने मान डोलावली. दोन मिनिटांनी त्याने पुन्हा तेच विचारलं.

त्या संध्याकाळी त्याने माझा हात धरून सांगितलं, “सर, कोनाला बोलू नका. जखमी म्हटला का जानेवारीत करार गेला. घर माझ्यावर हाय.” मी शब्द दिला. तो शब्द मी आज इथे, माईकवर, मोडतो आहे.

कारण चार दिवसांपूर्वी त्याची बायको कोमल मला भेटली. करंजाड्याला घरी यायला निघालेला हा माणूस वळण चुकून पार पुढे कर्नाळ्यापर्यंत गेला आणि तिथून तिला फोन करून म्हणाला, “कोमल, आपला वळण कुठं गेला?” मी लगेच सीईओ साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मेल करा. मी कार्यालयाने दिलेल्या पत्त्यावर मेल केला. मेल परत आला. तो पत्ता आधीच्या साहेबांचा होता, बंद केलेला. पुन्हा गेलो, तर साहेब मीटिंगमध्ये. मीटिंग माझ्या निरोपाची होती.

म्हणून शेवटी ही जागा. या क्लबात दुसऱ्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकतात ते फक्त निरोपाच्या दिवशी.

लोबोसर, माझं मराठी कदाचित जड गेलं असेल, तर एवढंच ऐका. रविवारी प्रणितला खेळवू नका. कोमलकडे डॉक्टरांच्या कागदाची प्रत होती, ती मी आणली आहे. ती कुठल्या टेबलावर ठेवत नाही, तुमच्याच हातात देतो. हं, धरा. शेठ, तुम्ही पाहिलंत, सभागृहानेही पाहिलं. आता उद्या माणसं बदलली तरी माहीत नव्हतं असं कोणाला म्हणता येणार नाही. आणि शेठ, त्याचं डोकं तुमच्या जर्सीत फुटलंय. बरा होईपर्यंत त्याचा करार मोडू नका. मला काढलंत त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या चार चेंडूंनंतर मी या पदाच्या लायक उरलो नव्हतो.

बस प्रणित, उठून जाऊ नकोस. कोमल, धर त्याला.

आठ वर्षं या मैदानाने मला पोसलं, पोरांनी जीव लावला, गोदूमावशींनी वेळेवर जेवू घातलं, आजही आपण सगळे वेळ काढून आलात, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. प्रणित, तू घालू नकोस. तू माझ्यावर खुशाल राग धर, माझं तोंड पाहू नकोस, पण रविवारी घरी बस.