दांड्याला आधार

(कासारवाडी. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. गुरुवारची दुपार.)

अंजली : केळी तिथं नका ठेवू काका. आईकडे द्या, ती आत नेईल.

हिंदुराव : का गं? चांगली हायत की. सकाळीच आनली मोशीच्या बाजारातनं.

अंजली : चांगलीच आहेत. पण पिकलेलं फळ जवळ असलं की ऑर्किडच्या कळ्या गळतात. नऊ कळ्या धरल्यात, सव्वा वर्षानं.

कस्तुरा : द्या भाऊ इकडं. परवा म्या पेरू आणले, तर मला ते मोरीत नेऊन ठेवायला लावले हिनं. आन तुम्ही दारातच काहून उभे? या की आत.

हिंदुराव : बसत न्हाई ताई. अंजलीनं फोन केला, या म्हनली, म्हनून आलो. आज सुट्टी हाय. कुठं सही पायजे असंल तर दे पोरी. करतो आन निघतो.

अंजली : कसली सही?

हिंदुराव : तुझ्या चौकशीचा काय कागद ऱ्हायला आसंल न्हवं? त्यापायी बोलावलंस आसं वाटलं मला.

अंजली : चौकशी संपली काका. दोन आठवडे झाले. सहीबिही काही नको.

हिंदुराव : मग?

अंजली : हे बघायला बोलावलं. खुर्ची घ्या. खिडकीजवळ बसा, तिथनं नीट दिसेल.

हिंदुराव : ही कुंडी… ही कंपनीतनं आलेली न्हवं?

अंजली : ओळखलीत तुम्ही. हॉस्पिटलात आली होती. जांभळी रिबीन, आणि वर कार्ड, 'लवकर बरे व्हा'.

हिंदुराव : माझ्या म्होरंच गाडीत घातली ती, गेटवर. मनात म्हनलं, प्रेस मशीनमधी पोरीची बोटं गेली आन ही मान्सं फुलं धाडत्यात.

अंजली : मीपण तेच म्हटलं. दोन बोटं गेली, त्याच्या बदल्यात बारा फुलं. महिन्या-दीड महिन्यात ती गळली. मग मी कुंडी बाहेर जिन्यात ठेवून दिली. म्हटलं, कचरेवाला नेईल.

कस्तुरा : अन म्या आणली परत. ही पुन्हा ठेवायली, म्या पुन्हा आणायली. तीनदा झालं आसं. म्या म्हणलं, तुझा राग कंपनीवर हाय, झाडानं काय केलं?

अंजली : आणि आणून तू काय केलंस ते सांग काकांना.

कस्तुरा : काय केलं? जीव लावला. रोज पाणी घातलं. तांदळाचं धुवण घातलं, चहाचा चोथा घातला.

अंजली : सगळी मुळं सडवली.

कस्तुरा : मला काय ठाऊक? आमच्या परभणीकडं पाण्याविना झाड मरतं. हे पाणी पिऊन मरायलं होतं.

हिंदुराव : ताई, ह्ये मातीतलं झाडच न्हाई. आमच्या पाटनच्या डोंगरात आसत्यात. झाडाच्या खोडावर, फांदीवर बसत्यात. आमरी म्हनत्यात. पाऊस पडला की भिजायचं, वारा आला की वाळायचं. त्येला कोन पानी घालतंय?

अंजली : हेच मला सहा महिन्यांनी कळलं. तुम्ही आधी आला असतात, तर लवकर कळलं असतं.

हिंदुराव : निघतो मी आता.

कस्तुरा : चहा टाकते.

हिंदुराव : नको ताई.

कस्तुरा : टाकलाय.

अंजली : काका, हॉस्पिटलात दिव्या मॅडम होत्या, हाताचे व्यायाम घ्यायच्या. त्या म्हणायच्या, उरलेल्या तीन बोटांना बारीक काम दे. तांदूळ निवड, मणी ओव. मी ताट भिंतीवर फेकून दिलं होतं एकदा. मग एका दुपारी आई ही कुंडी उलटी करून बघत होती, घाण वास सुटला होता. मी म्हटलं, आण इकडं. काय झालंय ते तरी बघू. फोनवर व्हिडिओ लावला आणि बसले.

हिंदुराव : आन?

अंजली : आत सगळं ओलं शेवाळ गच्च भरलेलं. ते चिमटीनं एकेक करून काढलं. मग एकेक मूळ दाबून बघायचं. टणक लागलं तर जिवंत, मऊ लागलं तर कापायचं. दाबायला दोनच बोटं लागतात, अंगठा आणि ही अनामिका. अख्खी दुपार गेली. चार मुळं निघाली जिवंत. कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाच्या सोडणात बसवलं त्याला. तेव्हापासून पाणी कधी द्यायचं तेही मुळंच सांगतात. हिरवी दिसली तर थांबायचं, पांढुरकी पडली तर द्यायचं.

कस्तुरा : त्या दिवशी पहिल्यांदा ही जेवायला मागून जेवली. भात दे म्हणली. तोवर म्या भरवायचे, ती तोंड फिरवायची.

हिंदुराव : बरं झालं. लई बरं झालं.

अंजली : काका, तुम्ही मघापासून झाडाकडे बघताय, आईकडे बघताय. माझ्या हाताकडे बघत नाही.

हिंदुराव : बगवत न्हाई पोरी.

अंजली : दुखत नाही आता.

हिंदुराव : तुझं दुखत नसंल. मीच म्हनलो होतो तुला. दिवाळीच्या आधीचा माल होता, दोनशे नग मागं होतो आपन. म्हनलो, दोन्ही हातानं बटनं दाबत बसलीस तर कवा व्हायचं? पायावर चालव.

अंजली : माहीत आहे. मीच होते तिथं.

हिंदुराव : कोनत्या तोंडानं येनार होतो मी? दोनदा हितं जवळ, नाशिक फाट्यापर्यंत आलो आन गाडी वळवून परत गेलो.

अंजली : आला असतात तर मी दार उघडलं नसतं. खरं सांगते. कंपनीवर राग होताच, पण तुमच्यावर जास्त. कंपनीला काही चेहरा नसतो. तुम्ही रोज डब्यातली चटणी द्यायचात मला.

कस्तुरा : घ्या भाऊ, चहा. साखर कमी हाय का बघा.

हिंदुराव : बरोबर हाय ताई.

अंजली : आणि दुसऱ्या बाजूनं वाटायचं, चूक माझीच. कंपनीच्या कागदावर तसंच होतं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. आदल्या दिवशी मी ओव्हरटाइम केला होता, डोळे मिटत होते. सव्वा वर्ष घोकलं हेच. लक्ष नव्हतं, हात वेळेवर काढला नाही, दुसऱ्या कुणी काढला असता. आईला विचारा.

कस्तुरा : रोजचं होतं. भाजी चिरायला बसली की सुरू. म्या काय बोलणार? मला मशीनीतलं काय कळतंय.

अंजली : मग चौकशीत साहेबांनी एक कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. 'हात मशीनखाली जाऊ नये म्हणून असलेली दोन्ही हातांची बटणं मी बंद करवली. पायाचा पेडल मी जोडून घेतला. मुलगी सांगितलं तसंच काम करत होती. तिची चूक नाही.' खाली तुमची सही. तारीख अपघातानंतरच्या तिसऱ्या दिवसाची.

हिंदुराव : व्हय. लिवला होता.

अंजली : मला कुणी सांगितलंच नाही. तुम्हीपण नाही.

हिंदुराव : सांगायचं काय त्यात? झालं तसं लिवलं.

अंजली : त्यापायी तुमची सुपरवायझरची लाईन गेली. एकवीस वर्षं सांभाळलेली. स्टोअरला टाकलं तुम्हाला. लाईनवरच्या रुपालीनं सांगितलं मला, चौकशीला आली होती ती.

हिंदुराव : स्टोअर बरं हाय. पंखा हाय.

अंजली : काका.

हिंदुराव : खरंच हाय की.

अंजली : त्या दिवशी घरी येऊन मी चौदा तास झोपले. एवढी कधी झोपले नव्हते. उठले ती हलकी होऊन उठले. तेव्हापासून फोन करायचा होता, पण म्हटलं, हे फोनवर बोलायचं नाही. समोर बसवून बोलायचं. थँक्यू काका.

हिंदुराव : आसं बोलू नगंस. चोरानं चोरी कबूल केली, तर त्याला हार घालत्यात व्हय?

कस्तुरा : भाऊ, मी एक बोलू? कबूल करणारे असतेत किती? माझा नवरा कारखान्यातच गेला, तिकडं गावाकडं. कुणी एक माणूस म्हणला नाही, आमचं चुकलं. म्या चार दारं फिरले. सगळे म्हणले, त्याचाच पाय घसरला. तुम्ही माझ्या लेकीला तरी तसं होऊ दिलं नाही. तुमचा तो शर्ट, हिच्या हाताला गुंडाळला होता तो, घडी करून ठेवलाय म्या. डाग गेला नाही, पण ठेवलाय.

हिंदुराव : ताई, त्यो फेका आता.

कस्तुरा : न्हाई फेकणार.

अंजली : चहा प्या काका, गार होतोय. आणि जरा मदत करा. हा दांडा बघा, कळ्यांच्या वजनानं वाकलाय. काठी लावायची आहे. कुंडी हलली तरी कळ्या रुसतात. तुम्ही धरा.

हिंदुराव : आशी?

अंजली : दोन्ही हातांनी. तिरकी नको. हां. मी काठी आत घालते, मुळांना धक्का न लावता.

हिंदुराव : ह्यो दांडा कवा आला?

अंजली : डिसेंबरात. दहा-बारा रात्री गॅलरीत ठेवलं होतं.

कस्तुरा : म्या वरडत होते, थंडीत काकडून मरंल म्हणून.

अंजली : यांना थोडी थंडी लागावी लागते. तेवढी लागली नाही तर नुसती पानं येतात, फूल नाही.

हिंदुराव : आमच्या आंब्याचं तसंच. थंडी पडली न्हाई त्या साली मोहर न्हाई.

अंजली : एक दिवस पानाखाली हिरवं टोक दिसलं. आधी वाटलं, मूळच आलं. मुळाचं टोक गोल असतं, दांड्याचं जरा चपटं. आठ दिवस रोज सकाळी भिंग लावून बघत होते. आईनं मला वेड लागलं म्हणून शेजारच्या छबूबाईंना बोलावून आणलं.

कस्तुरा : त्या पण भिंग घेऊन बसल्या.

हिंदुराव : आन ह्या बाकीच्या कुंड्या? ह्या पन तुझ्याच?

कस्तुरा : त्या म्या आणल्या. पुनावळ्याला चार घरची कामं करते ना मी. तिथं वास्तुशांतीला ही झाडं भेट येतेत. फुलं गळली की मॅडम लोक डब्यात टाकतेत, मेलं म्हणून. म्या मागून घेते. बसमधी मांडीवर घेऊन येते.

अंजली : अकरा झालीत. आता त्या मॅडमपैकी दोघी-तिघी फोन करतात, आमचंही झाड बघायला ये म्हणून. आणि तळेगावला एक पॉलीहाऊस आहे, तिथं आठवड्यातून तीन दिवस जाते. कुंड्या बदलायचं काम. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी माझा हात बघितला, मग मला एक रोप दिलं आणि गप्प बघत बसल्या. रोप बसवून झाल्यावर म्हणाल्या, सोमवारपासून ये.

हिंदुराव : हितं दोरा बांदतेस व्हय? मी बांदू?

अंजली : नको. तुम्ही फक्त धरा. घट्ट बांधायचा नाही, दांडा वाढायला जागा हवी. असा आठाचा फेर. एक टोक अंगठ्याखाली, दुसरं दातात… झालं. सोडा आता, हळू.

हिंदुराव : सरळ उभा ऱ्हायला की. कारागीर झालीस पोरी.

अंजली : बघितलात ना हात?

हिंदुराव : बगितला.

अंजली : पहिली कळी रविवारपर्यंत उमलेल. फोटो पाठवते.

हिंदुराव : धाड. …पोरी, एक इचारायचं होतं. इचारू का नको, ह्येच येताना सगळ्या रस्त्यानं चाललं होतं.

अंजली : विचारा की.

हिंदुराव : मला परत घेतलंय, स्टोअरच्या जोडीला, लाईनवर न्हाई, टरेनिंगला. चौकशीवाल्यांनी सांगितलंय, नव्या पोरींना शिकवल्याबिगार मशीनवर उभं करायचं न्हाई. बटनं पन आता बंद करता येत न्हाईत, तसं करून घेतलंय. पन मान्सं वाट काढत्यात गं. मला ठावं हाय, मीच काढली होती. वीस पोरी आल्यात. बीडच्या हायत, लातूरच्या हायत. मी सांगतो, माना हलवत्यात. जेवनानंतर माल मागं पडला की इसरत्यात. तू यिऊन एकदा बोलशील का त्यांच्यासंगं?

कस्तुरा : त्या गेटातून आत जायचं हिनं? भाऊ, तुम्हाला कळतंय का काय म्हणायलेत?

हिंदुराव : कळतंय ताई. न्हाई म्हनली तर माझं कायबी म्हननं न्हाई.

कस्तुरा : सहा महिने ही कंपनीकडं जाणाऱ्या चाकणच्या बसकडं बघत नव्हती.

अंजली : आई, थांब. कधी आहे काका?

हिंदुराव : शनवारी. दुपारी दोनला. पन तुला जमंल तवाच.

अंजली : या शनिवारी तळेगाव आहे. पुढच्या शनिवारी येते. आई, तूपण चल माझ्याबरोबर.

कस्तुरा : मी काय बोलणार तिथं?

अंजली : बोलू नको. शेजारी बस.

हिंदुराव : गाडी घिऊन येतो न्यायला. दोघींना.

अंजली : हात झाकून येणार नाही मी.

हिंदुराव : न्हाई झाकायचा.

अंजली : आणि काका, तिथं बोलायचं तर सगळं बोलावं लागेल. तुमचं नाव घ्यावं लागेल. तुम्ही काय लिहून दिलंत ते सांगेन मी त्यांना, आनंदानं सांगेन. पण 'पायावर चालव' कोण म्हणालं, तेही सांगावं लागेल.

हिंदुराव : त्येच आधी सांग. बाकीचं येळ उरला तर.