मोज्यावरची पट्टी

हॅलो?… कोण?… अरे तू! जोरात बोल, मागे मशीन फिरतंय… लाँड्रीतच असणार ना, या वेळी दुसरीकडे कुठे असते मी?

हो, ऐकलं. रेडिओवर ऐकलं. बास्केटबॉलचे आजवरचे पाच थोर खेळाडू, आणि त्यात आपल्या क्लबचा खांब नाही… हो रे, मलाही लागलं ते. हातातली इस्त्री बाजूला ठेवली मी… पण तो माणूस अगदीच खोटं बोलला असं नाही. जेमतेम चार मोसम तर खेळला खांब… गुण होतेच, कोण नाही म्हणतंय? पायांनी दगा दिला… अरे, माझ्यावर कशाला ओरडतोस? रेडिओवर मी बसले होते का?

थांब हं एक मिनिट… कोट मंगळवारी, काका. हो, मंगळवारीच. डागाचं मात्र सांगता येत नाही, मला देव समजू नका… हं, बोल.

ते खांबाचं राहू दे आता. बुटकीला डॉक्टर काय म्हणाले? सकाळी घेऊन गेलास ना?… मग?… थांब. मागे गलका कसला आहे? चेंडू आपटल्याचा आवाज येतोय… तू हॉलवर आहेस? आणि ती?

आज फायनल आहे हे मला माहीत आहे रे, माझीच मुलगी आहे ती. पायाचं सांग… बारीक. बारीक काय?… चीर. हाडाला चीर आहे ना? मग बारीक काय नि मोठी काय! खेळू नको म्हणाले की नाही?… 'शक्यतो'. डॉक्टर 'शक्यतो' म्हणाले आणि तू तिला उचलून हॉलवर नेलीस. धन्य आहेस बाबा! मामा म्हणून बरोबर पाठवला, तर कंस निघालास.

अच्छा… अच्छा. आत्ता कळलं रेडिओचं पुराण कशाला लावलं होतंस. आईच्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय कोच मॅडम तिला उतरवणार नाहीत, असंच ना?… शहाण्या आहेत मॅडम. तुझ्यापेक्षा तरी नक्कीच… शिट्टी व्हायच्या आत सांगायचं? वा! आईने विचार केव्हा करायचा, तेही तूच ठरवून टाकलंस.

हो, हो… अरे ऐक ना… निवड समितीची माणसं येऊन बसलीत, कळलं. दोनदा सांगितलंस. इतकी उंच मुलगी त्यांनी बघितली नाही, तेही कळलं. नावाची बुटकी, आमच्या घरात दारातून वाकून जाते ती, मला नको सांगूस… अरे पण…

परत खांब! काय खांबाचं?… खेळला. मोडक्या पायावर खेळला, शेवटची बास्केट टाकली, कप आणला. कबूल… म्हणून लोक अजून त्याचं नाव काढतात? काढतात ना? मग रेडिओवर का नाही काढलं?

मी सांगते. लोकांनी त्याचा खेळ पोटभर बघितलाच नाही. आणि तू तर त्या एका संध्याकाळचा भक्त आहेस. त्याच्या आधीचं एक सांग बघू. एकच… लंगडणं नको, ते पोराटोरांना पाठ आहे. खेळ सांग… बघ. अडलास. मी सांगू? बास्केटकडे पाठ करून उभा राहायचा. तिघांना अंगावर घ्यायचा. आणि खांद्यावरून, मागे न बघता चेंडू असा सोडायचा, की तो आपला पिटुकला गार्ड नुसता हात पुढे करून उभा असला तरी काम फत्ते. त्याच्या जोडीला दगड दिला असता तरी दगडाचं कौतुक झालं असतं… हो ना? आठवलं ना? हे कुणी सांगत नाही रे पोरांना.

मला तो तिशीतला बघायचा होता. पोट जरा सुटलेलं, उडी कमी, लबाडी जास्त. आपल्या वाट्याची ती सगळी वर्षं त्या एका कपात गेली… कमी नाही लेखत त्याला! माझ्याइतकं प्रेम केलं असेल का कुणी त्या खेळावर? म्हणून तर जीव तुटतो.

काय?… पट्टी बांधलीस? कशी?… मोज्यावरून. खांबासारखी… अरे देवा.

तिला दे फोन… तुझ्याशी नाही, तिच्याशी बोलायचंय. दे म्हणते ना!

बुटके?… हो, सांगितलं मामाने. दुखतंय?… खरं सांग… आणि उभी राहिलीस की?… रडू नकोस गं. ऐक. ऐक ना राणी. मोज्यावरून बांधलेल्या पट्टीचा काडीइतका उपयोग नसतो… हो, इथली सगळी पोरं तशीच बांधतात, मला ठाऊक आहे. शान वाटते त्यांना. पण खांबाने तशी का बांधली होती, माहितीये?… हौस नव्हती ती. पाय इतका सुजला होता की मोजा निघेना… मला कसं माहीत? अगं, क्लबचे कपडे तेव्हाही आपल्याकडेच यायचे. आजोबा धुवायचे, मी हाताखाली. सामन्यानंतर गाठोडं सोडलं तर त्यात तो मोजा. कात्रीने उभा चिरलेला, वरपासून बोटांपर्यंत. आजोबांनी हातात धरला आणि नुसते बसून राहिले… मामाला कुठून माहीत असणार? मामा मिरवणुकीत नाचत होता.

हो, घाबरते मी. घाबरते! त्यात लपवायचं काय?… नाही गं, तुझा खेळ मला आवडतो. माझी मुलगी म्हणून नाही, तू खेळतेसच तशी. परवा त्या दोघींच्या मधून उलटी वळलीस ना, मी खुर्चीवर उभी राहिले होते, शेजारच्या बाईने पदर ओढून खाली बसवलं मला. मला ते अजून बघायचंय. खूप वर्षं बघायचंय… बाळा, आज नाही… नाही… नाही म्हणजे नाही. मॅडमना दे… हो, दुष्ट आहे मी. दे फोन.

नमस्कार मॅडम… नाही. माझी परवानगी नाही… कळतंय हो. तिच्याशिवाय जड जाणार… हरलात तर माझ्या नावाने खडे फोडा, मी ऐकून घेईन. तिला बाकावर बसवा, पाय वर करून. आणि ती पट्टी तेवढी सोडायला लावा… आभार कसले मानताय, रडवलं मी तिला.

तू परत?… हो, शिट्टी ऐकू आली इथे. काय करतेय?… आयुष्यात बोलणार नाही म्हणाली माझ्याशी?… बरं. नको बोलू दे… मी रडतेय, तर काय झालं? आई आहे, रडेन… जा, बस तिच्याजवळ. समजावू नकोस, नुसता बस.

काय?… उठली? कुठे निघाली?… घरी येतेय? भांडायला? येऊ दे की, मी आहेच. येऊ दे पाय आपटत… अरे नाही! नाही! पाय आपटू नको म्हणावं तिला! धर तिला, गाडीत घाल… रागावली तर रागावू दे, उचलून आण! ऐकतोयस ना? हॅलो?… हॅलो?