आकड्यांपुरतं बोलणं

कॅमेरावाला : ...आणि हा दिवा लागला की कॅमेरा बाटलीवरचा नंबर वाचतो. आज कुठला नंबर चालू आहे ते आम्ही त्याला सकाळीच सांगून ठेवतो. जुळला नाही तर बाटली आपोआप या ट्रेमध्ये. तुम्हा दोघींना आता ओरडून वाचायला नको.

धाकटी : आम्ही ओरडत नव्हतो, दादा. मी बाटलीवरचं वाचायची, त्या समोरचा कागद बघून तेच परत म्हणायच्या. जुळलं की बाटली पुढे. औषधाचं काम, म्हणून दोन तोंडांनी.

थोरली : त्यांना म्हणावं खुर्ची जरा सरकवा. माझी पिशवी अडकली आहे मागे.

कॅमेरावाला : मावशी, त्या तुमच्या समोरच बसल्यात.

धाकटी : त्यांना सांगा, सरकवली.

कॅमेरावाला : हे काय चाललंय? मला वाटलं, तुम्ही मैत्रिणी आहात.

धाकटी : जावा आहोत. एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहतो.

कॅमेरावाला : आणि बोलत नाही?

थोरली : बोलतो की. कालपर्यंत दिवसभर बोलत होतो. बी, सात, शून्य, चार.

कॅमेरावाला : ते नंबर झाले, मावशी.

थोरली : तेवढंच. आठ वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली तेव्हा सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून बिनसलं. घरी अबोला धरता येतो हो, पण इथे टेबल एकच. नंबर म्हटले नाहीत तर पगार कोण देईल?

कॅमेरावाला : म्हणजे इतकी वर्षं नुसत्या आकड्यांवर काढलीत? धन्य आहे.

धाकटी : हसू नका. आकड्यांत सगळं कळायचं. त्यांचा 'शून्य' लांबला की समजायचं, रात्रभर पाठ धरली होती. त्या दिवशी खालचे खोके मी उचलायची.

थोरली : आणि ह्यांचा 'सात' एकदा ओला आला. तेव्हाच ओळखलं, माहेरून काहीतरी कळलंय. वडील गेले होते त्यांचे.

धाकटी : तुम्हाला तेव्हा कळलं होतं?

कॅमेरावाला : आता हे मी विचारू, की तुमचं तुम्ही बघताय?

थोरली : त्यांना सांगा, कळलं होतं. म्हणून तर मी त्या दिवशी सावकाश म्हणत होते, श्वास घ्यायला सवड मिळावी म्हणून. लाइन तुंबली, फोरमन अंगावर आला. येऊ दे म्हटलं.

धाकटी : मला वाटलं, मुद्दाम छळताय.

कॅमेरावाला : मी जरा मागची वायर बघून येतो. निरोप्याचा पगार वेगळा असतो, मावशी.

(तो यंत्रामागे जातो. पट्टा सुरू होतो. बाटल्या दिव्याखालून एकामागून एक सरकत राहतात.)

धाकटी : किती गप्प वाचतो हा.

थोरली : हं.

धाकटी : उद्यापासून तुम्ही गोदामात ना?

थोरली : गोदामात. तुम्ही इथेच, ट्रेपाशी.

धाकटी : म्हणजे तुमचा आवाज कानावर पडायचा नाही. घरी भिंत होतीच, आता इथेही.

थोरली : यंत्राला काय बोल लावायचा? त्यानं थोडीच भिंत घातली.

धाकटी : जाऊबाई, मला नाही हे असं राहायचं. पण आकडे सोडून तुमच्याशी काय बोलायचं, तेच आठवत नाही.

थोरली : अबोला म्हणजे काही देवाचा नेम नव्हे, मोडला तर पाप लागायला. बोल काहीही.

धाकटी : काहीही म्हणजे काय?

थोरली : ओट्याशी उभी राहून शेजारणीच्या चालण्याची नक्कल करायचीस ना? माझं दूध उतू जायचं हसता हसता, आणि सासूबाईंची बोलणी दोघींना.

धाकटी : ती शेजारीण गेली मुलीकडे राहायला. आता त्या घरात तिची सून असते. ती तर सासूच्या वरताण चालते.

थोरली : कशी गं?

धाकटी : इथे नको, फोरमन बघेल.

थोरली : मग सुटल्यावर फाटकाशी थांब. मला जरा वेळ लागेल यायला, गुडघा दुखतोय.

धाकटी : कधीपासून?

थोरली : बरेच दिवस झाले. आता सांगितल्याशिवाय तुला कळणार कसं, म्हणून सांगितलं.