रेघेपलीकडची भुरी

सून : ...आणि रोज दोनलाच, मामंजी! दोन वाजले की भुरी गाय कुरणाची रेघ ओलांडते, गळ्यातल्या पट्ट्याचा झटका खाते आणि तरी पुढे जातेच. आठ दिवस झाले. हा बघा फोन.

सासरे : घराणंच हट्टी. हिच्या आजीनं एकदा अख्खी टेकडी चरून सपाट केली होती. तेव्हापासून तर आपल्याकडे तासभर आधी उजाडतं.

सून : टेकडी राहू द्या. पलीकडचं गवत मी दोन महिने राखलंय. पाऊस लांबला तर चाळीस गुरांना तेवढंच आहे. बाकीची कशी, गळ्यातल्या पट्ट्याची शिट्टी वाजली की गपचूप मागं वळतात. हिनं वाट पाडली की सगळी मागोमाग जातील. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकू तिला.

सासरे : देऊन? अगं, माझ्या हातावर जन्मली ती!

सून : मग काय करू? तारेचं कुंपण असतं तर तार आवळली असती. ही फोनवर ओढलेली रेघ, ती फक्त पट्ट्याला कळते.

सासरे : तिला सुताराकडे करमत असेल.

सून : सुताराचं नाव मी कुठं काढलं?

सासरे : नाही, म्हणजे... तिकडे त्याचीच झोपडी आहे ना.

सून : आहे. फोनही तेच म्हणतो, दोन तास त्याच्या दारात बसून असते. सकाळी जाऊन पाहिलं मी. शेण नाही, खुरांचे ठसे नाहीत, गवताला तोंड लागलेलं नाही. ठसे आहेत ते चपलांचे.

सासरे : हुशार गाय!

सून : डाव्या चपलेची टाच झिजलेली आहे.

(सासरे पाय खाटेखाली ओढून घेतात.)

सासरे : पट्ट्यानं तिची मान सोलली होती गं. म्हटलं, भरून येईपर्यंत काढू. पण तुझी ताकीद, पट्ट्याला हात लावायचा नाही! खुंटीला अडकवला असता तर तुझ्या फोननं भुरी मेली म्हणून बोंब ठोकली असती. म्हणून गळ्यात घातला.

सून : स्वतःच्या?

सासरे : चालतीफिरती दिसायला हवी ना ती! आता फिरता फिरता सुताराकडे बुद्धिबळाचा डाव पडतो, त्याला मी काय करू?

सून : आणि झटका हो?

सासरे : पहिल्या दिवशी असा उडालो, की खाली उतरतोय तो सुताराचं अंगण!

सून : हसवू नका, मी रागावलेय. आणि भुरी?

सासरे : आठ दिवस मोकळ्या मानेनं हिंडतेय, पण रेघेला शिवली नाही. पाठ झालीय तिला. ओलांडतो तो मीच. गिऱ्हाइकाला मला दाखव हवं तर.

सून : दात बघूनच पळेल तो. थांबा, येऊ नका म्हणून कळवते त्याला. मानेला मलम मी लावीन. आणि तुम्ही यापुढं गवत तुडवायचं नाही, ओढ्याकडेनं जायचं.

सासरे : लांब पडतं.

सून : पडू द्या. आणि तो पट्टा भुरीची मान भरेपर्यंत तुमच्याच खिशात असू दे. एकटे हिंडता, कुठं आहात ते मला कळेल तरी. झटका बंद करते. शिट्टीही बंद करू?

सासरे : शिट्टी असू दे. चार वाजता वाजव. मी हरायला लागलो की सुतार उठूच देत नाही.