द्वारकामावशीची भाड्याची खोली

मंडळी, आधी एक सांगा — यशोदेला पगार किती होता? हसू नका! दुसऱ्याचं लेकरू सांभाळलं ना तिनं? मग वसुदेवानं तिच्याकडे लोण्याचा हिशेब मागितला का हो? आणि ती तर स्वतःच्या घरात होती! जी बाई आपलं पोर सांभाळायला आपल्या घरात राहते, तिचं त्या घरात काय असतं? ऐका!

नाशकात एक करसल्लागार, हेरंब नावाचा. बायको ऋजुता बँकेत, लेक रेवा अकरा महिन्यांची. रेवाला सांभाळायला घरातच राहणारी द्वारकामावशी, सिन्नरकडची. पगार अठरा हजार. त्यातले नऊ थेट लेकीच्या नर्सिंग कॉलेजला! ते चुकले की पोरगी घरी.

एक तारखेला हेरंबनं कागद पुढे केला. "मावशी, आता सगळं रीतसर. खोलीचं भाडं सहा हजार, जेवण साडेतीन, करासाठी दोनशे."

"कंचा कर, दादा?"

"पुढे लागला तर!"

वा रे पठ्ठ्या! न लागलेला कर आधीच कापला! हातात उरले आठ हजार तीनशे. लेकीच्या फीलाच सातशे कमी! पण बाई सातवी शिकलेली. चष्मा लावला, भाडेकरार ओळ न् ओळ वाचला, सही केली.

आणि मंडळी, दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या खोलीतून हॉलमध्ये काय काय आलं? चार सुटकेसी! इस्त्रीचं टेबल! गणपतीचं मखर! हेरंबची व्यायामाची सायकल — तिच्यावर वर्षभर फक्त टॉवेल बसले होते!

घरूनच काम करणारा हेरंब धावत आला. "मावशी, हे काय?"

"खोली भाड्यानं माझी ना, दादा? मंग तुमचं सामान माझ्या घरात कसं?"

तेवढ्यात रेवा रांगत उंबऱ्याशी आली. तिची झोपेची वेळ. झोप म्हणजे काय, तर मावशीच्या गोधडीवर, मावशीच्या कानाची पाळी चिमटीत धरून! मावशीचा जीव तुटला. तरी तिनं लेकराला उचलून बापाच्या हातात दिलं.

"कलम सात. भाडेकरूनं दुसऱ्या कुणाला खोलीत ठेवू नये. तुमीच लिवलंय."

रेवानं जो टाहो फोडला! हेरंब नाचला, शिट्ट्या वाजवल्या, शेवटी करकायदा वाचून दाखवला. मोठी माणसं झोपतात हो त्यानं, लेकरू नाही! तिनं बापाचा कान चाचपला, तर तिथं हेडफोन. तो उपटून फेकला! दाराआड मावशी पदर तोंडात धरून बसलेली. रडतंय पोर बाहेर, फुटतोय ऊर आत!

ऋजुता बँकेतून आली, सायकलला अडखळली, कागद वाचला. "हेरंब, ती इथं राहते म्हणून मी कामाला जाते. तिच्याकडून भाडं? लाज वाटू दे!"

हेरंबनं करार फाडला. "मावशी, पूर्ण अठरा. एक पैसा कापणार नाही. घ्या हो हिला!"

दार उघडलं. पोर झेपावलं, पाळी धरली, दोन मिनिटांत गप्प! सुटकेचा श्वास सोडून हेरंबनं सुटकेस उचलली, निघाला आत.

"दादा," मावशी हळूच म्हणाली, पोर जागं होईल म्हणून, "भाडं गेलं, माझी खोली नाय गेली. सामान बाहेरच ऱ्हाऊ द्या."

हेरंब थबकला. सुटकेस खाली ठेवली. आणि आजवर पहिल्यांदाच त्या उघड्या दारावर टकटक करून त्यानं विचारलं, "मावशी, पोरीला बघायला आत येऊ?"

काय मंडळी, माना खाली का गेल्या? तुमच्याही घरी अशी खोली आहे ना? जा, तिथं काय काय कोंबलंय ते बाहेर काढा. पण थांबा! आत शिरण्याआधी — दार वाजवा!