सरूबाईच्या नावामागचा झरा

मंडळी, कीर्तनाला बसलात, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. भिंत चांगली कोणती? एकही फट नसलेली, की फटी असलेली? मागे खांबाला टेकलेले मामा मान हलवतायत. मामा, ही होकाराची मान की झोपेची? असू द्या. ऐका!

सातदरे नावाचं गाव. गावाबाहेर जुनी बारव, खोल, पायऱ्या-पायऱ्यांची. कुणी बांधली? नाव कोरलेलं नाही. पण काम असं, की उन्हाळ्यात गावातल्या विहिरी तळ दाखवायच्या आणि हिच्यात मात्र पाणी असायचंच! कशी काय? अहो, तळाच्या भिंतींचे दगड कोरडेच रचलेले, मध्ये ना चुना ना माती. भोवतालच्या जमिनीतलं पाणी त्या सांध्यांतून आत यायचं. त्या जुन्या माणसांना सांधे भरता येत नव्हते का? येत होते! त्यांनी ते मुद्दाम सोडले होते.

त्या गावात हरिबा गवंडी. बायको सरूबाई. मूलबाळ नाही, दोघंच. सरूबाई रोज सकाळी बारवेत उतरायची, एका मोठ्या सांध्याला घागर लावायची. हरिबा काठावर बसून राहायचा. ती वर आली की हात द्यायचा. एवढाच त्यांचा संसार, आणि भरलेला! एक दिवस सरूबाई गेली.

हरिबानं दार लावून घेतलं. शेजारची भागूवहिनी रोज संध्याकाळी भाकरी घेऊन कडी वाजवायची. आतून आवाज यायचा, "काही नको, वहिनी." ती परत जायची. अहो, दार लावलं की वाटतं, दुःख बाहेर राहिलं. ते तर आतच बसलेलं असतं — आपल्या शेजारी!

मग त्याच्या मनात आलं, सरूच्या नावानं काहीतरी करावं. भर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तसा तो बारवेत उतरला. गवत उपटलं, पाली हाकलल्या आणि भिंतीतला सांधा न् सांधा सिमेंटनं भरून काढला. सरूबाई जिथं घागर लावायची, तिथं गुळगुळीत गिलावा केला आणि ओल्या गिलाव्यावर थापीच्या टोकानं तिचं नाव काढलं. गाव बघायला आलं. "हरिबा, देऊळ केलंस की बारवेचं," म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, गवंडी असून त्याला कळलं नाही? गवंडी होता म्हणूनच नाही कळलं! जन्मभर लोकांची गळती थांबवलेला माणूस. फट दिसली की बुजवायची, एवढंच हाताला ठाऊक.

पुढच्या वर्षी पावसाचं साठलेलं पाणी होळीपर्यंत संपलं. नवं येईना. बाया लांबच्या मळ्यातून पाणी आणू लागल्या. हरिबाला कुणी बोल लावला नाही. दुखावलेला माणूस, कशाला बोला! पण मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान कुणी बोललं असतं.

भर दुपारी तो प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन कोरड्या बारवेत जाऊन बसायचा. एकटाच. एकदा डोकं भिंतीला टेकलं, सरूच्या नावाला. भिंत गार लागली. कान लावला. आत पाणी वाजत होतं!

पाणी आलेलं होतं हो. दाराशी उभं होतं. यानंच आत घेतलं नव्हतं.

घरून छिन्नी-हातोडी आणली. नावावर छिन्नी धरली, पण हात उठेना. "सरू," तो म्हणाला, "तेवढंच उरलंय गं माझ्याकडे." तो रडला, पोटभर रडला. मग घाव घातला. नाव निखळलं आणि करंगळीएवढी धार आत आली.

त्यानं कळशी भरली. दमून पायऱ्या चढला आणि सरू करायची तसा वर हात केला. काठावर कुणी नव्हतं. सरू गेली म्हणजे काय झालं, ते त्याला त्या पायरीवर कळलं.

तो घरी गेला नाही. भागूवहिनीच्या दाराशी गेला, कडी वाजवली. "वहिनी, पाणी आलंय."

तिनं कळशीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "आत ठेवा. भाकरी व्हायचीय अजून. बसावं लागेल."

"बसतो," हरिबा म्हणाला.

आजही लोक ती बारव बघायला जातात, फोटो काढतात. वर कौतुकाचं बांधकाम आणि खाली एक वेडंवाकडं भोक! विचारतात, हे कुणी फोडलं? अहो, फोडलं नाही. उघडलं!

मंडळी, तुम्ही पण पक्की घरं बांधलीत. वाळवी शिरत नाही, वारा शिरत नाही. माणूस शिरतो का? तुमच्या आळीत एक दार असेल, आतून "काही नको" म्हणणारं. कदाचित ते तुमचंच असेल. बोला देवाचं नाव, आणि टाळ खाली ठेवा. हात मोकळे असू द्या. घरी जाताना कुणाची तरी कडी वाजवायची आहे.