कपाटातला राजा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात द्या. वस्तू चांगली कुठली? दिसायला देखणी ती, की दहा हातांतून फिरून शाबूत राहते ती? सोपं आहे म्हणता? थांबा! तुमच्या घरातली चांगली कपबशी कुठं असते? शोकेसमध्ये! आणि चहा कशात पिता? कान तुटलेल्या कपात! हसा, हसा. मीही त्याच कपात पितो.

तर ऐका. कृष्णाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, त्या गावची माणसं इथंच बसलीत! त्या गावात भालबा कासार. पेठेत तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. माणूस सरळ, पण एक खोड — चकचकीत काही दिसलं की डोळे तिथंच चिकटायचे. आणि त्याचा जिवलग म्हणजे नारबा पांचाळ. समोरच त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. हात कोपरापर्यंत काळे! चेन, ग्रीस, वंगण... पस्तीस वर्षांत त्या हातांचा मूळ रंग बायकोनंही पाहिला नसेल!

रोज चार वाजले की दोघं मारुतीच्या देवळाच्या ओवरीत. कशाला? भजनाला? छे हो! बुद्धिबळाला! आणि पट तरी कसला? एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी सुपारी. उंटाच्या जागी बाटलीचं बूच. एकदा तर डाव रंगात आला आणि बघणाऱ्यानं हत्ती कातरून खाल्ला! खरं सांगतो!

बघता बघता बघणारे वाढले. पेन्शनर आले, शाळा सुटली की मुली आल्या, पोस्टातल्या बाई आल्या. पट एक आणि माणसं वीस. मग पंचमंडळी म्हणाली, ओवरी खेळायला घ्या, वर्गणी काढा, चांगले आठ पट आणा. वर्गणी जमली. आणायला कोण जाणार? भालबा! वस्तूची पारख त्यालाच ना!

गेला भालबा मिरजेला. आठ आणायला गेला, आणि आणले किती? एक!

अहो, काचेच्या कपाटात होता तो. शिसवीचा काळा, पिवळसर लाकडाचा गोरा. घोड्याची आयाळ अशी कोरलेली की वारा सुटला तर हलेल! भालबाचे डोळे चिकटले, ते सुटेचनात. म्हणाला, "आठ फालतू घेण्यापेक्षा एक अस्सल घ्यावा." मंडळी, हे वाक्य आपण सगळे म्हणतो. आणि एका पटावर वीस माणसं कशी बसवायची, हे कुणी विचारत नाही!

दुसऱ्या दिवशी नेमकी खंडेनवमी. सुतार करवत पूजतो, शिंपी मशीन पूजतो. भालबाच्या मनात आलं — हत्ती आहेत, घोडे आहेत, उंट आहेत, पायदळ आहे. ही तर फौजच की! मांडला पाट, ठेवली फौज, वाहिली हळद, वाहिलं कुंकू, वर तेलाचं बोट! लाकडानं सगळं पिऊन टाकलं. गोरा राजा हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक! पण भालबाला त्याचं काही नाही. तो हात जोडून म्हणाला, "आता ही देवाची वस्तू झाली."

झाली! आणि तिथंच घोटाळा झाला.

दसरा झाला, दुकानं उघडली, आणि चार वाजता नारबा आला, दुकानातून थेट. नवा पट बघून खुलला बिचारा. "आयला, काय देखणा हाय रं!" म्हणत प्याद्याला हात घालणार, तोच भालबा ओरडला, "अरे, हात! आधी हात धुऊन ये!"

नारबा नळावर गेला. साबण लावला, वाळू लावली, नखं घासली. आला, दोन्ही पंजे पुढं धरले. "बघ. धुतलं."

भालबानं बघितलं. मंडळी, पस्तीस वर्षांचं वंगण! वरचं गेलं होतं, रेघांमधलं कुठं जाणार? भालबा घुटमळला आणि म्हणाला, "असं कर नारबा. तू नुसती चाल सांग. तुझी सोंगटी मी हलवतो."

टाळ्या नका वाजवू, हे हसण्याचं नाही.

तीन चाली नारबानं तोंडानं सांगितल्या. मग उठला. "गिऱ्हाईक आलं असंल," म्हणाला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. समोर दुकान, मधे बारा पावलांचा रस्ता, पण नारबा मान वर करेना. भालबाला वाटलं, रुसलाय, येईल. आठवडा गेला. पटासाठी ओवरीत कपाट, कपाटाला कुलूप, किल्ली भालबाच्या जानव्याला! मुली यायच्या, कुलूप बघायच्या आणि जायच्या. पोस्टातल्या बाई एकदा म्हणाल्या, "काका, दर्शनाची वेळ कधी असते?"

एवढं जपूनही एक दिवस धूळ झटकताना घोड्याचा कान तुटला. कुणाच्या हातून? भालबाच्याच!

चार वाजायचे. भालबा एकटाच ओवरीत बसायचा. समोरची जागा रिकामी. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की बुद्धिबळ खेळायला पट लागत नाही हो — समोर माणूस लागतो! सुपारीच्या हत्तीनं खेळता येतं. माणसाच्या जागी काय ठेवणार?

दुकानामागच्या घरी आला, ताट समोर, भात नुसता चिवडत बसला. त्याच्या बायकोनं, यमुनाकाकूंनी विचारलं, "काय झालं?" यानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "पण पूजा केलेली वस्तू कुणाच्याही हातात कशी द्यायची?"

काकू भोपळा चिरत होत्या. त्यांनी हात थांबवला. "अहो, नवमीला मी या विळीचीही पूजा केली होती. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग आता कुलपात ठेवू तिला? तुम्ही भोपळा काय दातांनी सोलणार?"

वा! आम्ही पोथ्या वाचून वाचून चष्मे जाड केले, आणि वेदान्त कुठं निघाला? विळीवर! नांगराची पूजा होते, पण नांगर देव्हाऱ्यात बसतो का? सीमोल्लंघन झालं की तो परत मातीत जातो. ज्यानं काम करायचं त्याचे आपण पाय धरतो, ते त्यानं काम करावं म्हणूनच ना?

काकू एवढ्यावर थांबल्या नाहीत. बायका थांबतात का? "आणि भावजींना काय म्हणालात? सोंगटी मी हलवतो! उद्या मी म्हणाले, तुमचा घास मी चावते, तर चालेल?"

भालबा हात धुऊन उठला. बारा पावलांचा रस्ता... पण मंडळी, चूक केलेल्या माणसाला तो केवढा लांब होतो! नारबा चाक फिरवत होता. मान खालीच.

"नारबा."

"बोला, शेठ."

शेठ! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा शेठ! त्यापेक्षा चपराक बरी.

भालबा तिथंच ग्रीसच्या डब्याशेजारी खाली बसला, पांढऱ्या धोतरासकट. म्हणाला, "चुकलो मी. लाकूड बघितलं आणि माणूस बघायचा राहिला. तो पट मी घरी नेतो, वर्गणी माझ्या गल्ल्यातून भरतो. आता मिरजेला चल. आठ पट घ्यायचेत. निवड तू करायची."

"माझं हात..."

"त्या हातांनीच."

चाक फिरायचं थांबलं. नारबानं चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "धोतर खराब झालं बघ तुझं." तुझं म्हणाला! भालबाचे डोळे भरून आले.

आता मिरजेतली गंमत ऐका. दुकानदारानं काचेचा पट काढला. नारबा म्हणाला, "ठेव." चुंबकाचा काढला. "प्रवासाला बरा, ओवरीत नको, सोंगट्या बोटभर सुद्धा न्हाईत, म्हाताऱ्यांना दिसायच्या कशा?" मग आला जाड प्लास्टिकचा. नारबानं राजा उचलला आणि धप्पकन फरशीवर सोडला!

"अहो काका!"

"ओरडू नगंस. आमच्याकडं हा रोज पडणार हाय." उचलला, फिरवून बघितला. टवका नाही. बुडात वजन, खाली मऊ कापड, वाऱ्यानं लवंडणार नाही. पट रेग्झिनचा — गुंडाळावा, चहा सांडला तर पुसावा. बिजागरीवाला घडीचा नको म्हणाला, "बिजागरी पयली मोडती." आणि शेवटी काय म्हणाला? "आठी एकाच छापाचं दे. आठ रंगांचं, आठ मापांचं नकोत. ह्याचं प्यादं हरवलं तर त्यातलं बसलं पायजे. सायकलीचंही तसंच असतंय."

भालबा बघतच राहिला. पारख म्हणजे चकाकी ओळखणं नव्हे. ही वस्तू उद्या कुणाच्या हातात पडणार आहे, कितींदा पडणार आहे, हे आधी दिसणं म्हणजे पारख!

दुसऱ्या दिवशी चार वाजता ओवरीत आठ पट अंथरले. मुली बसल्या, पेन्शनर बसले, पोस्टातल्या बाईंनी दोन डाव जिंकले. नारबानं पांढरं प्यादं दोन घरं पुढं सरकवलं. प्याद्यावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला. भालबानं ठसा बघितला, आणि निमूटपणे आपलं प्यादं त्याच्यासमोर ठेवलं. अकराव्या चालीला शह, बाराव्या चालीला मात! भालबा हरला, आणि असा हसत होता की पुजारी गाभाऱ्यातून बाहेर आला!

आता, मंडळी, भालबाला सोडा. तुमच्याकडं वळतो! नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढलंत का? नवीन सतरंजी कुणासाठी ठेवलीय? बरं, वस्तूचं राहू द्या, वस्तू मुकी असते. पण ती जपता जपता "हात लावू नको" असं तुम्ही कुणाला म्हणालात? आठवलं ना? ज्याला आठवलं नाही, त्यानं घरी जाऊन बायकोला विचारावं!

आत्ता आरती होईल, प्रसादाची रांग लागेल. कुणी गवंडी असेल, कुणी थेट गोठ्यातून आला असेल, आणि हात मळके म्हणून खांबाआड मागं उभा राहील. त्याला हाताला धरून पुढं आणा. पहिला प्रसाद त्याच्या तळव्यावर पडू द्या. तो तळवा धुतलाय का, ते देव बघून घेईल!

बोला, सगळ्यांच्या हाताला लागणाऱ्या देवाचा जयजयकार!